केकच्या डब्याचा पत्रा

गिरीज, रविवार, ९ नोव्हेंबर

आज रॉनीने त्याच्या बाबांचा कॅमेरा दुरुस्त करून आणला. बटण दाबलं की लगेच फोटो हातात देणारा, तो जुना. अगदी नवा दिसत होता. तिथेच माझं डोकं फिरलं.

त्याची फिल्म कधीच बंद झाली. म्हणून ह्यांनी मागचं झाकण काढून नाताळच्या केकच्या डब्याचा पत्रा बसवला होता, हल्लीची फिल्म चालावी म्हणून. वाडीतल्या केळी, कोंबड्या, भांडणारी मी, सगळ्यांचे फोटो त्यातूनच निघाले.

“पत्रा कुठाय?”

“फेकला असेल दुरुस्तीवाल्याने. आई, बघ ना, आता कसा ओरिजिनल झालाय.”

“आणि फिल्म?”

“ती कुठे मिळते आता? शोकेसमध्ये ठेवू.”

“ठेव. तुझे बाबाही काचेआडच आहेत.”

लागलं असेल त्याला. न जेवताच गेला. पण तो पत्रा कापताना ह्यांचा अंगठा चिरला होता, तरी शीळ घालत होते. हे कोणाला सांगू?

शवपेटीत ठेवण्याआधी रॉनीनेच त्यांची दाढी केली, कोट-टाय घातला. किती छान दिसतात, म्हणाले सगळे. मला मात्र ते ओळखू आले नाहीत. तेव्हा मी काहीच बोलले नव्हते.