आवाजी मतदानाच्या वह्या

मी, इरावती शरच्चंद्र वर्तक, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, निवृत्त लघुलेखिका, राहणार गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, दडपण कोणाचंही नाही. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून घाई आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती खोली माझा भाचा पुष्कर याला. तो आमच्या सोसायटीचा सचिव आहे आणि खोलीवर त्याचा डोळा कधीपासून आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. घे बाबा.

२. लोखंडी कपाटातल्या एकतीस वह्या. ज्या सभागृहात मी नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही. मेल्यावर अब्रुनुकसानीचा दावा लढायला मी कुठून येणार? तिथं बरेच ठराव आवाजी मतदानाने होतात. सगळे मिळून 'होय' ओरडतात, कागदावर नाव कोणाचंच येत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी प्रेक्षकांच्या सज्जात बसून तोंडं पाहिली. खाडी बुजवणं, तिवरं तोडणं, उष्माघाताचा निधी कापणं, प्रत्येक वेळी कोणी तोंड उघडलं, कोण नेमका तेव्हाच चहाला गेला, हे डाव्या पानावर. तोच माणूस हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभा राहून कॅमेऱ्यापुढे हवामान बदलावर काय बोलला, ते उजव्या पानावर. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

सगळं लघुलिपीत आहे, त्यातही माझ्या स्वतःच्या खुणा. ते वाचू शकणारी व्यक्ती हयात एकच आहे, आणि तिच्याशी मी अकरा वर्षे बोललेले नाही.

३. ती म्हणजे मीनाक्षी राजवाडे, राहणार दादर, नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर असे. "किनाऱ्यावरच्या झोपड्या बुडाल्या तर बुडू देत, तशाही त्या अनधिकृतच आहेत," असं एक सदस्य भर सभागृहात बोलला होता. त्याने विनवण्या केल्या आणि मीनाक्षीने ते वाक्य अहवालातून गाळलं. मला म्हणाली, "अगं, दमला होता बिचारा, गेला बोलून. एका वाक्याने काय होतंय?" पुढे निवृत्तीनंतर हा विषय निघाला तेव्हा मी तिला नाही नाही ते बोलले.

वह्या तिलाच द्याव्यात. मीनाक्षी, साध्या मराठीत उतरवून काढ, नाहीतर पुष्कर रद्दीत घालेल. तुझी आठवण रोज येते.

४. शेवटच्या वहीचं शेवटचं पान. गाड्यांना जागा हवी म्हणून दारातलं जांभळाचं झाड तोडायचा ठराव सोसायटीच्या सभेत आला. मला विरोध करायचा होता, मनात भाषणही तयार होतं. पुष्कर म्हणाला, "मावशी, तू तरी फाटे फोडू नकोस, प्लीज." मी गप्प बसले. सभावृत्तात आलं, 'सर्वानुमते मंजूर'.

त्या झाडाखाली मच्छीमार नगरच्या राधाबाई वीस वर्षे मासळीची पाटी घेऊन बसत. झाड गेल्यावर मला म्हणाल्या, "बाय, तुमची सावली गेली." सावली त्यांची होती. पुढच्या एप्रिलमध्ये भर दुपारी त्या तिथेच कोसळल्या आणि इस्पितळात पोचेपर्यंत गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. एकतीस वह्या भरून लोकांची तोंडं मोजली आणि स्वतःचं उघडलं नाही, याची मला लाज वाटते.

त्या पानावर एकच नोंद आहे: वर्तक, इरावती. होय.

मीनाक्षी, तू मायाळू आहेस, माझ्या प्रेमापोटी हे पान गाळशील. या वेळी गाळू नकोस.

५. बँकेतली ठेव राधाबाईंची मुलगी मनवा हिला. ही भरपाई नव्हे. तिने घ्यायचं नाकारलं तर तिला आग्रह करू नये.

ठिकाण: गिरगाव, मुंबई
दिनांक: २२ मार्च २०२५
सही: इरावती श. वर्तक

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. अवधूत प्रधान, खोली क्र. ९
२. मेघना सामंत, खोली क्र. १४

(साक्षीदार मी मुद्दाम निवडले आहेत. दोघेही त्या सभेत माझ्या शेजारी बसले होते आणि तेही काही बोलले नव्हते. इ. व.)