रक्तातून कळत नाही ते

प्रिय ताई,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी उलटंपालटं करून बघशील. रोज फोनवर बोलणाऱ्या बहिणीने पत्र का लिहावं, यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर मी हा विषय काढला की तू ‘बरं, ते जाऊ दे’ म्हणतेस आणि भाजीचा भाव सांगायला लागतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तेवढी तू दुष्ट नाहीस.

तू पाठवलेल्या चित्रफितीत तुझी लेक, आपली भिंगरी, बागेतल्या कट्ट्यावरून उड्या मारतेय. मी आधी तिचा डावा पायच बघितला. जमिनीवर टेकताना जरा कचरतोय का? मग उजवा बघितला, मग पुन्हा डावा. ही खोड मला लागली ती गेल्या वर्षापासून. तुलाही लागली असणार. आपण दोघीही तिला बघत नाही, तिचा गुडघा बघतो.

तुला आठवतंय ना, त्या संध्याकाळी तू माझ्याकडून तिला घेऊन गेलीस तेव्हा ती जरा लंगडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाय खाली टेकवायलाच नकार दिला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत, अंगात ताप नाही. मग त्यांनी विचारलं, ‘दिवसा कुणाकडे असते?’ तू म्हणालीस, ‘मावशीकडे.’ त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनी तसं बघणं मी समजू शकते. लहान मूल अचानक चालेनासं झालं की डॉक्टरांना विचारावंच लागतं. पण त्यांच्यामागून तूही बघितलंस, ताई.

ताप आला तो नंतर, आणि आला तो असा की पोर ग्लानीतच गेली. मोठ्या रुग्णालयात नेलं, मोठ्या यंत्रात घालून तपासलं, आणि कळलं की मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, जंतूंनी घर केलंय. ऑपरेशन करून पू काढला. मला वाटलं, चला, निदान कारण तरी सापडलं. पण संशय एकदा घरात शिरला की त्याला कारण सापडून भागत नाही, त्याला माणूस लागतो.

तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ माणसाला गाडी शिकवताना तुझा पाय कायम तुझ्या बाजूच्या ब्रेकवर असतो. त्या दिवसांत तो माझ्यावर होता. मी खाटेजवळ बसले की तुला काहीतरी आणायचं आठवायचं, आणि आणायला मलाच जावं लागायचं. तू तिचं अंग पुसताना पाठ, दंड, पोटऱ्या उलटसुलट करून बघायचीस. मी आत आले की चादर ओढायचीस. मी तुला वेडी वाटेन का गं? मी घरी जाऊन शिलाई मशीनखालची फरशी लोहचुंबकाने विंचरून काढली. एखादी सुई तिच्या पायात गेली असेल तर? स्टूल हलतंय का, दाराचा कोपरा कुठे लागतो, सगळं रांगत रांगत बघितलं. साप साप म्हणून भुई धोपटायची ती किती धोपटायची! माझाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

त्यात ती रक्तवाली डॉक्टर. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त काढायच्या वेळी ही बारीक मुलगी आपल्या नळ्या घेऊन उभी. अशा हाडाच्या आजारात मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी कशा लढतात, यावर तिचं संशोधन. थोडं जास्तीचं रक्त हवं, आईवडिलांची सही हवी. भावोजी म्हणाले, आमची पोर काय उंदीर आहे का? मला तर खात्रीच झाली की संशोधन हे नुसतं सोंग आहे, हिला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय. इतकं गोड कुणी उगाच हसत नाही.

मी गरम पाण्याची बाटली भरून परत येत होते. तुम्ही दोघी व्हरांड्याच्या वळणापलीकडे होतात. तू तिला विचारलंस, ‘हिला मार बसला होता का, ते या रक्तातून कळेल का?’ ती म्हणाली, ‘नाही हो, ते रक्तातून कळत नाही.’ मग तू सही केलीस. ताई, मी बाटली तशीच धरून उभी होते. हात भाजत होता हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

दुसऱ्या दिवशी तू घरी गेल्यावर मीच तिला गाठलं. फटकळपणे विचारलं, नक्की काय शोधताय? ती सरळ खाटेच्या कडेला टेकली आणि हात हलवत सांगायला लागली. जंतू आले की पहिल्या फळीच्या पेशी धावतात. कमी पडल्या की हाडातला मगज अर्ध्याकच्च्या पेशीही बाहेर ढकलतो, शाळेतली पोरं लढाईवर पाठवावीत तशा. आणि काही मुलांमध्ये, ज्यांनी ही लढाई सांभाळायची त्या दुसऱ्या पेशी गप्पच बसतात. अशी मुलं जास्त दिवस आजारी राहतात, असं तिला वाटत होतं. का, ते अजून कळलेलं नव्हतं. भिंगरीला याचा उपयोग नाही, पुढच्या कुणाला झाला तर झाला, हेही तिने लपवलं नाही.

मग तिने विचारलं, घरात कुणाला गळू वगैरे झालं होतं का? आणि मला आठवलं. त्याच महिन्यात तुझ्या काखेत झालं होतं. मी म्हणाले, ‘हिच्या आईला.’ ती म्हणाली, ‘हे जंतू कुणाच्याही कातडीवर, नाकात असतात. एखाद्या ओरखड्यातूनही रक्तात जातात. कधी त्याआधी बारीकसा मार लागलेला असतो, कधी काहीच नसतं. कुठून आले ते सांगता येत नाही. शोधत बसू नका, माणसं तुटतात.’

त्या दिवशी माझ्या हातात दगड आला होता, ताई. तुझ्या सासूबाईंच्या कानावर नुसतं ‘गळू’ एवढं घातलं असतं तरी पुरलं असतं. सगळ्यांच्या माना माझ्याकडून तुझ्याकडे वळल्या असत्या. मी तो शब्द गिळला. चांगुलपणा म्हणून नव्हे. त्या नजरा कशा लागतात ते मला कळलं होतं, आणि तू आधीच अर्धी झाली होतीस.

पोर बरी झाली. घरी आली, पुन्हा चालायला शिकली, आणि एक दिवस कळलं की तिला पाळणाघरात घातलंय. तू म्हणालीस, ‘तुझ्या शिवणाचा खोळंबा नको.’ मी हो म्हणाले. माझ्या शिवणाची तुला इतकी काळजी कधीपासून, हे विचारलं नाही. असे आपण वर्षभर गोड बोलतोय.

आणि परवा तुझा निरोप आला. दुसरं बाळ यायचंय, ते सहा महिन्यांचं झालं की तू कामावर जाणार, आणि दिवसा त्याला मी सांभाळावं. आपलं माणूस ते आपलं माणूस, असं म्हणालीस. हे ऐकून मी रडले, आणि डोळे पुसताना मनात पाल चुकचुकली, की पाळणाघरात तान्हं बाळ घेत नाहीत म्हणून तर नाही ना? बघ, मलाही तुझाच आजार लागलाय. मला त्याला सांभाळायचंय, ताई. पण जे तू परक्या मुलीला विचारलंस, ते एकदा मला विचार. ‘त्या दुपारी तुझ्याकडे काय झालं होतं?’ एवढंच. पत्रात मी ते मुद्दाम लिहीत नाही. सांगण्यासारखं फारसं नाहीच, पण ते मला तुझ्यासमोर बसून सांगायचंय. नंतर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव. ठेवलास तर बाळ माझं. नाही ठेवलास तर बाळाला माझ्याकडे ठेवू नकोस, आणि तसं मला तोंडावर सांग. रविवारी मी दार नुसतं लोटून ठेवते.

तुझीच, अजूनही,
धाकटी