घाटाला तुझं चाक लावत नाही, भाऊ

प्रिय भाऊ,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं आणि येत्या रविवारी कन्नड घाटाची सायकल शर्यत आहे. तीच, जी तुला कधी जिंकता आली नाही. त्याआधी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, म्हणून लिहितेय.

श्राद्धाच्या दिवशी आबांनी तुझ्या सायकलचं मागचं चाक काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "यंदा रेखा भाऊच्या चाकावर घाट चढणार!" काका सगळ्यांना सांगत सुटले. आईनं डोळ्यांना पदर लावला. मी नाही कशी म्हणणार होते?

पण तुझं ते चाक! त्याची दातेरी चकती जेमतेम वाटीएवढी. धुळे-पारोळ्याच्या सपाट रस्त्यावर ती उडवत नेते, कबूल. घाटात मात्र एकेक पायडल म्हणजे भरलेलं पोतं उचलणं. मोठ्या चकतीनं पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण हलके फिरतात आणि दम टिकतो. तुला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण आपल्याकडची पोरं मोठ्या चकतीला 'भाकर' म्हणतात, आणि भाकर लावणारा म्हातारा! म्हणून तू उभा राहून रेटत राहिलास. दर वेळी शेवटच्या वळणावर तुझे गुडघे बोलायचे आणि बसून चढणारे पुढे निघून जायचे.

किती हट्टी होतास रे! "पुढच्या वर्षी लावतो भाकर," म्हणालास, आणि घाट राहिला बाजूला, डेंग्यूच्या तापानं तुला नेलं. फार राग येतो तुझा. आठवण त्याहून जास्त येते.

काल लळिंगच्या घाटात तुझं चाक लावून पाहिलं. अर्ध्यावरच उतरावं लागलं. परत आले तर आबा ओट्यावर बसलेले. माझा चेहरा पाहिला. पाना आणायला सांगितला, तुझं चाक उतरवलं, माझं भाकरवालं बसवलं आणि म्हणाले, "हाई चाक तेनं शे. पाय तुना शेतस. बठीसन चढ, बेटा." चाक त्याचं असलं तरी पाय माझे आहेत, मी बसूनच चढायचं.

मग तुझं चाक मांडीवर घेऊन हळूहळू फिरवत बसले. मला तिथं थांबवेना.

भाऊ, शब्द देते. रविवारी त्या शेवटच्या वळणावर मी सीटवरून उठणार नाही. पोरं हसली तरी, हरले तरी! त्या वळणापुढचा रस्ता तू नेहमी मान खाली घालून, धापा टाकत काढलास. मी तो मान वर करून बघून येईन, तुझ्यासाठी.

तुझीच,
रेखा