खोली द्यायची नाही

९ जून

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पोच म्हण! ‘मी ठीक, तुम्हीही ठीक असाल’ एवढं लिहायला तुला महिना लागतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं पत्रसुद्धा दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं की काय?

इकडे प्रवेशाचे दिवस आहेत. कॉलेजमागच्या आपल्या गल्लीत फाटकाफाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ झळकतंय. मुलं आईबापांना घेऊन, पाणी किती वेळ येतं आणि दार किती वाजता लावता, हे विचारत हिंडतायत. दरवर्षी मुलं त्याच वयाची. म्हातारे होतो ते आपण घरवाले. नदीपलीकडच्या नव्या वस्तीत म्हणे प्रत्येक खोलीला गॅलरी असते. आपल्या गल्लीत शेजारचा रेडिओ मिळतो, तोही न मागता. माझं पदवीदानाचे झगे शिवण्याचं काम जोरात आहे. पुढच्या खोलीत सगळं काळं कापड. आप्पा म्हणतात, घरात शिरताना छत्र्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं.

फक्त आपल्या फाटकावर आप्पांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावलीय: ‘खोली द्यायची नाही.’ वरची, तुझी. गेल्या वर्षी तिथे दोन मुली होत्या. फेब्रुवारीत त्या गेल्यापासून म्हातारबुवा हटूनच बसलेत. जिना चढून स्वतः झाडून येतात.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीतल्या माझ्या पत्रात त्यांनी खाली चार बोटं जागा सोडायला लावली, काहीतरी लिहिलं आणि मला न दाखवता पाकीट चिकटवलं. अठरा वर्षांत त्यांनी तुला लिहिलेले ते पहिले शब्द, आणि तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. पोस्टमन दिसला की ते फाटकाशी जाऊन उभे राहतात. हल्ली विसरतातही फार. डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधतात, ते चालायचंच. पण काल सकाळी डबा मागून कॉलेजच्या छापखान्यात कामावर निघाले. तिथे मुद्रितं तपासणं सोडून त्यांना बारा वर्षं झाली. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे. शिवाय फोनवरचं बोलणं तपासता येत नाही, हा त्यांचा जुना आक्षेप तुला ठाऊकच आहे.

लवकर लिही. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही, हे तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी,
ताई

*

२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलंसच म्हणून सांगतो. आप्पांनी लिहिलं होतं: ‘खोली रिकामी आहे. येऊन जा.’ आणि मग त्यावर सरळ रेघ मारून ते खोडलं होतं. पट्टी लावून मारावी तशी रेघ.

मी त्या दिवशी रजेचा अर्ज लिहून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी फाडला. बोलवायचं आणि लगेच ‘चुकून बोलावलं’ म्हणायचं, हे त्यांनाच जमतं. कॉलेज सोडून गेलो तेव्हा मी पाठवलेलं निरोपाचं पत्र त्यांनी काय केलं, आठवतंय ना? तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवलं. मी रडत लिहिलेल्या पत्रात अकरा चुका निघाल्या. तुला हसू येईल, पण अजून मी घरी लिहायचं म्हटलं की हात आखडतो. म्हणून पोच पाठवतो.

त्यांचा हातही आता थरथरत असावा. खोडलेल्या ओळीखाली शाई ठिबकलीय. तो कागद सोबत पाठवतोय, तूच बघ. मला जवळ ठेववत नाही.

आप्पांना नमस्कार सांग, किंवा नको सांगूस. तुझा लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

*

३० जून

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

अरे वेड्या, ती शाई ठिबकलेली नाही!

नऊ ठिपके आहेत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. शाई कधी शिस्तीत ठिबकते का? छापखान्यात खोडलेल्या मजकुराखाली असे ठिपके दिले की त्याचा अर्थ होतो, खोडणं रद्द, मजकूर होता तसा असू दे. मी रोज संध्याकाळी आप्पांसमोर बसून मूळ प्रत वाचायची, ते खुणा करायचे, आणि तू तेव्हा कॉलेजच्या मैदानावर असायचास. तुला कोण शिकवणार? त्यांना वाटलं, माझ्या पोराला एवढं येत असेल. त्यांनी लिहिलं, मानी माणूस म्हणून खोडलं, आणि मग राहवेना म्हणून ठिपके दिले. साधं ‘ये’ म्हणून पुन्हा लिहायला काय झालं होतं? पण तसं करतील तर ते आप्पा कसले. तुम्ही दोघेही एका माळेचे मणी.

माझंही चुकलं. पाकीट उघडून बघायला हवं होतं. तेव्हा त्यांच्या मनाविरुद्ध काही केलं नाही, याचा आता राग येतो.

त्यांना मी विचारलं की खिळ्याला काय लिहिलं होतंत. म्हणाले, कोणाला? मग बऱ्याच वेळाने म्हणाले की मुलगा येणार आहे, खोली कुणाला देऊ नकोस. अजून आठवण आहे, पण रोज थोडी कमी होतेय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, भेटायचं असेल त्यांनी येत्या महिन्यात भेटावं. तू निघ. उत्तर लिहीत बसू नकोस.

लोभ बिभ भेटीत.

ताई

*

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय, म्हणजे समज. इस्पितळाच्या दोन लिफ्टची तपासणी अंगावर आहे. ती उरकून पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघतो.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू? साहेब रजा देत होते. मीच घेतली नाही. ठिपक्यांचं वाचल्यापासून त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटतेय. काय बोलायचं ते ठरलं की येतो. तोवर त्यांना सांभाळ, आणि मला रागावून घे.

खिळ्या

*

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे परत सुखरूप पोचलो. मी आलो त्या सकाळी तू झगे पोचवायला कॉलेजात गेली होतीस. दाराशी काय झालं, असं तू चारही दिवस विचारत होतीस, आणि मी काही नाही म्हणत होतो. आता सांगतो.

दार त्यांनीच उघडलं. माझ्या हातातली बॅग बघून मला अहो-जाहो करत पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं, कुठला विषय घेतलाय असं विचारलं. मग फार अवघडून म्हणाले की माफ करा, खोली आहे पण रिकामी नाही, माझा मुलगा येणार आहे. मी म्हटलं, आप्पा, मीच तो. ताई, ते हसले गं. रागावले असते तर बरं झालं असतं. मायेने म्हणाले की माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि तुमचे तर केस पिकलेत.

त्यांच्यासमोर काय बोलायचं ते महिनाभर पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. तू परत येऊन त्यांना पटवलंस, ते हो हो म्हणाले, ते तुझं मन राखायला. म्हणून मी तुझ्या झग्यांच्या ढिगाशेजारी झोपलो. तुला वाटलं जिना चढायचा कंटाळा केला. त्यांनी कुणासाठी तरी राखलेल्या खोलीत मी कसा झोपणार होतो?

जुलैत आलो असतो तर ओळखलं असतं का, एवढंच सांग. नाही, नको सांगूस.

लोभ असू दे. या चुका मात्र तांबड्या शाईनेही सुधारायच्या नाहीत.

तुझा,
खिळ्या

*

४ सप्टेंबर

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून त्या दिवशी मशीनवर बसले नाही. तू विचारलंस ते सांगत नाही. तूच नको म्हणालास.

आप्पा जेवतात, झोपतात. पोस्टमन आला तर आताशा उठत नाहीत. पण तुझी चौकशी रोज करतात. म्हणजे त्या गृहस्थांची. त्यांना कुठे जागा मिळाली का, जेवणाची सोय झाली का. सभ्य माणूस होता, डोळे भरून आले होते त्याचे, मी उगाच परत पाठवला, असं घोकत असतात. मी समजावते, मिळाली असेल हो त्यांना जागा. तेवढ्यापुरतं पटतं.

काल दुपारी मी बटणं लावत होते, तर माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, की आपला मुलगा काही आता येईलसं दिसत नाही. किती दिवस वाट बघायची? ते गृहस्थ पुन्हा आले, तर वरची खोली त्यांना देऊन टाक.

मी हो म्हटलं. खोली झाडून ठेवलीय. मुलगा म्हणून नाही जमलं, खिळ्या. ते गृहस्थ म्हणून ये.

वाट बघतेय,
ताई