एका बटणाचे यंत्र आणि सिन्नरचे अडीच एकर

मी, श्रीमती उज्वला पुंजा उगले, वय ७२, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या चष्म्यातून लिहून ठेवते. लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आहे ते लिहू नये म्हणून. एक गुडघा सोडला तर प्रकृती ठीक आहे आणि स्मरणशक्ती काही जणांना नको इतकी चांगली आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले, तेव्हा मी विचारले की शून्याच्या खालीही जायचे का. त्यावर त्यांनी दाखला लिहायला घेतला.

मृत्युपत्रात कारणे द्यावी लागत नाहीत, असे वकिलांनी मला दोनदा सांगितले. मला द्यायची आहेत. माझा एकुलता मुलगा महेश याचे म्हणणे असे की आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, सबब सिन्नरची जमीन विकण्याचा निर्णय तिच्यावर सोडू नये. पुरावा म्हणून तो माझ्या यंत्राकडे बोट दाखवतो. म्हणून आधी यंत्राबद्दल.

कलम १. यंत्राचा खुलासा. जमिनीतला धातू ओळखणारे हे यंत्र आहे. एक दांडा, खाली थाळी, वर डबी, डबीला एकच बटण, आणि कानाला लावायचा हेडफोन. थाळीखाली धातू आला की कानात वाजते, नाही तर गप्प. निवृत्त झाले त्या वर्षी गोदावरीचे पात्र सफाईसाठी कोरडे केले होते. तिथे एक माणूस असे यंत्र फिरवताना दिसला आणि मी भाजीची पिशवी घेऊन सगळी दुपार त्याच्या मागे हिंडले. पुढच्याच महिन्यात माझे घेतले. माझे यजमान तेव्हा हयात होते. एस.टी.तली कंडक्टरकी संपली तरी त्यांची लोकांना जागेवर बसवायची सवय गेली नव्हती. ते म्हणाले, बायका या वयात भजनी मंडळात जातात. मी म्हटले, जन्मभर कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिले, आता त्याच कानांनी मला आवडेल ते ऐकते.

महेश सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनियर आहे. त्याने माझ्या सत्तरीला महागडे यंत्र मागवले होते. त्याला पडदा होता, आणि खाली चांदी आहे की लोखंड, किती खोल आहे, ते सगळे त्यावर दिसायचे. मी ते परत पाठवले. खणायच्या आधीच कळणार असेल तर खणायचे कशाला? माझ्या यंत्राला खिळा आणि चांदी सारखीच. कानात वाजले की गुडघे टेकायचे, खुरप्याने माती सारायची, ढेकूळ हातात फोडायचे, आणि मग बोटाला काहीतरी गार लागते. ते काय आहे हे अजून कळलेले नसते. त्या घटकेचे मला वेड आहे, आणि वेड हा शब्द मी इथे राजीखुशीने वापरत आहे. निघते बहुतेक वेळा बाटलीचे झाकण. कधी बैलाच्या खुराची पत्री, कधी घुंगरू, कधी ट्रॅक्टरची पिन, एकदा ढब्बू पैसा. सोने कधीही नाही. जुने, मोलाचे काही सापडले तर सरकारला कळवावे लागते हे मला ठाऊक आहे, आणि तशी वेळ आलेली नाही. मला यात आनंद होतो. याहून दुसरे कारण मी कोणालाही देणे लागत नाही.

कलम २. इंदिरानगरचे घर यजमानांच्या मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे झाले आहे. ते माझ्यामागे महेशला मिळावे. मी रागावले आहे, पण मुलाला घराबाहेर काढणारी आई मी नाही. बँकेतल्या ठेवी नातू रुद्र याच्या शिक्षणासाठी ठेवाव्यात. त्याला जे शिकायचे ते त्याने शिकावे, बापाला विचारू नये.

कलम ३. सिन्नर तालुक्यातली, आमच्या गावची अडीच एकर जमीन. ही वडिलोपार्जित नाही. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या फंडातून मी ती घेतली आणि सातबारा माझ्या नावे आहे. घेतल्यापासून ती जमीन गावातली सिंधुबाई हिश्शाने करते. पाऊस कमी पडो, जास्त पडो, माझ्या हिश्शाचे धान्य तिने कधी मागायला लावलेले नाही.

आता गेल्या कार्तिकात काय घडले ते लिहिते, कारण गावात त्याच्या चार तऱ्हा झाल्या आहेत आणि खरी कोणी सांगत नाही.

माझ्या यंत्राला पडदा नाही तशी आठवणही नाही. कुठे फिरून झाले ते आपणच ध्यानात ठेवायचे. म्हणून मी रानाचे पट्टे पाडते आणि झालेल्या पट्ट्याच्या कडेने रांगोळीची रेघ ओढते. सोयाबीन निघून रान मोकळे झाले होते. दिवसभरात निम्मे झाले, आणि उरलेले दुसऱ्या खेपेला करू म्हणून मी बसने नाशिकला परतले. सरबतासाठी नेलेले एक लिंबू पिशवीतून घरंगळून दोन रेघा मिळतात तिथे पडले होते. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. हे माझ्या ध्यानात नव्हते, गावाच्या होते.

पांढऱ्या रेघा, मधोमध लिंबू, तोंडावर अमावस्या, आणि आदल्या दिवशी यंत्र घेऊन फिरलेली म्हातारी. गावाने ठरवून टाकले की उज्वलाकाकूला गुप्तधन लागले आणि तिने जागा बांधून ठेवली. माझ्या दिराचा मुलगा गोरक्ष पायाळू आहे, म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी आले. अशा माणसाला जमिनीतले धन दिसते म्हणतात. गोरक्षला उभ्या आयुष्यात देवळाबाहेर काढलेली स्वतःची चप्पल दिसलेली नाही, पण त्या दिवशी त्याला हंडा दिसला. त्याने महेशला फोन केला. माझा इंजिनियर मुलगा हसून फोन ठेवील असे कोणालाही वाटले असते. तो जेसीबी घेऊन आला.

लिंबू पडले होते तिथे त्यांनी खणले. हंडा लागला नाही, पाण्याची पाइपलाइन लागली. ती फुटली, पाणी शेजारच्या वाफ्यांत शिरले, आणि सिंधुबाईने सांभाळलेले कांद्याचे रोप, ज्याची लागवड पुढच्या आठवड्यात व्हायची होती, ते चिखलात झोपले. मला तिचाच फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "वहिनी, तुमच्या रेघांवरून लोक काहीबाही बोलू राहिले, ते मला काय करायचं नाय. माझं रोप गेलं. आन महेशदादा खड्ड्याच्या कडंला उभा राहून मलाच इचारू राहिला, धन कुठं हाय ते आईनं तुला सांगितलं का."

महेशने तिची माफी मागितली नाही, आजतागायत. घरी येऊन मलाच म्हणाला की तुझ्या रेघांमुळे गावात शोभा झाली. पंधरवड्यात त्याने जमिनीला गिऱ्हाईक आणले, प्लॉट पाडून विकणारे. मी सही करायला नकार दिला. मग माझे यंत्र कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागले, आणि मला डोक्याच्या डॉक्टरांना दाखवण्याची भाषा सुरू झाली. कपाट माझ्या लग्नातले आहे आणि त्याची दुसरी किल्ली कायम माझ्याकडे असते, एवढेसुद्धा त्याला आठवले नाही. डॉक्टरांकडे मी एकटी गेले, रिक्षाने. रांगोळी ओढणारी वेडी आणि त्या रांगोळीवर जेसीबी घालणारा शहाणा, हा निवाडा मला मान्य नाही.

सबब ही अडीच एकर जमीन, विहिरीतल्या माझ्या हिश्शासह, सिंधुबाईला मिळावी. हे दान नव्हे आणि उपकारही नव्हेत. माझ्याकडे कागद होता, जमीन तीच करत होती. तिच्या नवऱ्यामागे थोड्याशा जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव लागलेले आहे, म्हणजे कागदोपत्रीही ती शेतकरी आहे, त्यामुळे तिला नाव लावायला अडचण येणार नाही, असे वकील म्हणतात. आली तर त्यांनीच निस्तरावी.

कलम ४. जोडवी. या रानात झाकणांच्या खालोखाल मला सापडतात ती जोडवी. कांदा लावताना पाय चिखलात रुततो आणि उपसून काढताना बोटातले जोडवे आत राहते. जोडवे हरवणे म्हणजे नवऱ्याच्या जिवाला अपशकुन. त्यामुळे संध्याकाळी घरी बाईचे काय व्हायचे ते सांगायला नको. नवे मिळेपर्यंत बोटाला दोरा गुंडाळायचा, आणि तोवर सासूची बोलणी ऐकायची. सापडलेली जोडवी मी घासूनपुसून गावात दाखवते, आणि ज्या बायका ओळखतात त्या घेऊन जातात. सिंधुबाईचे एक सापडले तेव्हा तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मी ते तिच्या हातावर ठेवले. तिने मोटारीच्या पाण्यात धुतले आणि तिथेच बांधावर बसून बोटात चढवले. निंदायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. विधवेने जोडवे घालायचे नसते. एक जण तसे बोललीही. सिंधुबाईने मान वर केली नाही. "माझंच हाय," ती म्हणाली. "हरवलं तवा ह्याच्यापायी मार खाल्ला. आता सापडलं तर घालू नको?" दुसऱ्या दिवशी मी सराफाकडे जाऊन माझ्यासाठी नवा जोड घेतला, तो अजून माझ्या पायांत आहे.

अजून कोणी न ओळखलेली जोडवी पितळी डब्यात आहेत. तो डबा सिंधुबाईकडे राहावा. जी ओळखेल तिने न्यावे. नवरा आहे का, असे तिला विचारू नये. जोडवी आटवू नयेत.

कलम ५. शेजारच्या विमलाबाई मला सोसायटीत भंगारवाली म्हणतात, तोंडावर नाही, भिशीत. त्यांना बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली माझी मोठी बरणी द्यावी. ही सर्व झाकणे सोसायटीच्या बागेतली आहेत, त्यांचे यजमान संध्याकाळी हवा खायला बसतात त्या बाकाखालची.

कलम ६. गोरक्षला माझे खुरपे. यापुढे त्याने जे खणायचे ते एवढ्यानेच खणावे.

कलम ७. अंत्यविधी. पायांतली जोडवी काढू नयेत. बाकी महेशने रीतीप्रमाणे सगळे करावे, त्यात मी आडवी येणार नाही. मात्र दहाव्याला कावळा शिवेना म्हणून पिंडासमोर हात जोडून "जमिनीचं बघतो" असे कोणी पुटपुटू नये. जमिनीचे मी बघून ठेवले आहे. कावळ्याला वेळ लागला तर वाट पाहावी.

कलम ८. यंत्र महेशला. वाचताना तुला राग येईल, महेश, म्हणून इथे सरळ तुझ्याशीच बोलते. तुला चिडवायला देत नाही. तुझ्या लहानपणी मी दिवसभर परक्यांचे बोलणे जोडून दिले आणि घरी आले की तू दारातच बोलायला सुरुवात करायचास, मी चप्पल काढेपर्यंत तुला धीर नसायचा. तो मुलगा मला फार आवडायचा. आता तू बोलतोस आणि मी गप्प बसावे अशी तुझी अपेक्षा असते. रान मोकळे असेल तेव्हा वर्षातून एकदा तुला तिथे फिरू द्यावे, असे मी सिंधुबाईला सांगितले आहे, आणि ती हो म्हणाली आहे. जाण्याआधी तिची माफी माग. मग हेडफोन लाव आणि चाल. काही सापडले नाही तरी चालेल. मला पुष्कळदा काही सापडत नाही, आणि मी घरी येते तेव्हा तू मला गाणे गुणगुणताना ऐकलेले आहेस.

हे सर्व माझ्या मृत्यूनंतर अमलात येईल, आणि मला घाई नाही. देवळ्याला मनोज देवरे यांचा लाल कांदा काढून झाला आहे. रविवारी मी त्यांच्या रानात जाणार आहे. मनोज माझ्याच खात्यात लाइनमन होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनी करावी. ते एक साक्षीदारही आहेत.

कलम ९. या जागी जे लिहिले होते ते मी खोडले आहे. का खोडले ते लिहिते, म्हणजे पुढे कोणी तर्क लढवणार नाही. इथे माझ्या सोन्याच्या पाटल्या सून संध्या हिला दिल्या होत्या. दुसरे साक्षीदार म्हणून सोसायटीतले एक गृहस्थ यायचे होते. महेश त्यांना सकाळी भेटला आणि त्यांनी कळवले की घरच्या भांडणात मला ओढू नका. वकील कागद आवरू लागले. गेल्या दोन महिन्यांत संध्या या विषयावर एक शब्द बोललेली नाही, आणि मी तिला नवऱ्याच्या बाजूची धरले होते. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि मी सही केली तर चालेल का, असे तिने वकिलांना विचारले. ते म्हणाले, ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतो. तिने आपले कलम कोणते ते विचारले, वाचले, आणि पेन माझ्यापुढे धरले.

"आई, हे खोडा," ती म्हणाली. "पाटल्या रुद्रच्या नावे करा. मला कोणीही विचारलं तरी मी सांगेन, माझ्यासमोर लिहिलंय. ह्यांनी विचारलं तरी."

मी खोडले. पाटल्या रुद्रला.

ठिकाण: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: २२ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: उज्वला पुंजा उगले (सही)

साक्षीदार १: मनोज रामभाऊ देवरे, राहणार देवळा (सही). वरील मजकूर बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला व माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: संध्या महेश उगले, सून, राहणार याच घरात (सही). माझ्या सासूबाईंनी हे माझ्यासमोर वाचले व सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. मीही आहे.