गाण्याखालचा आवाज

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून तू आधी हसशील. वहिनीला आता फोनही परवडेना का, असं दवाखान्यात सगळ्यांना विचारशील. विचार खुशाल. पण मग आतल्या खोलीत, तुम्ही दातांचे साचे ठेवता तिथे, स्टूल ओढून बस आणि हे शेवटपर्यंत वाच. पायाला भिंगरी म्हणून तुला हे नाव पडलं, पण आज थोडा वेळ ती भिंगरी थांबव.

आधी माझी बातमी. मी एक डबी घेतली आहे. काड्यापेटीहून जरा मोठी, काळी, पुढे एक निळा दिवा. तिला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते म्हणे नुसत्या आकड्यांत, आणि त्या आकड्यांचा आवाज करायचं काम एरवी कॉम्प्युटर स्वतःच उरकतो, कसंबसं, पाहुण्याला वाटेला लावल्यासारखं. तेच काम ही डबी बाहेर बसून नीट करते. महागडी असेल म्हणून मी हिंमतच करत नव्हते. पण आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक आहे, त्याला सगळे स्क्रू म्हणतात. तो म्हणाला, ताई, एका बऱ्या चपलेच्या जोडाच्या पैशांत येते, आणि चपलेपेक्षा जास्त टिकते.

तुला वाटेल वहिनीला या वयात गाण्याचं खूळ लागलं. तसं नाही गं. माझं काम तुला माहीत आहे. डॉक्टर रिपोर्ट बोलून ठेवतात, मी हेडफोन लावून ते ऐकते आणि टाइप करते. माझा डावा कान गेलेला. उजव्यात कॉम्प्युटरची सतत सूं-सूं, माउस हलवला की किरकिर, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी तोंडात घास असल्यासारखे बोलणारे डॉक्टर. माझ्या कागदांत ‘ऐकू आले नाही’ इतक्या वेळा यायला लागलं की सुपरवायझरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून हे असं चालणार नाही म्हणून सुनावलं. म्हणून डबी.

आता हसायचं तर इथे हस. डबी जोडली, निळा दिवा लागला, आणि मी आठवडाभर ऑफिसमध्ये तिचे गोडवे गात फिरले. काय तो स्वच्छ आवाज, काय ते बारकावे! मग एक दिवस स्क्रूने टेबलाखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन इतका हसला की त्याचा चष्मा पडला. हेडफोनची पिन मी कॉम्प्युटरच्या जुन्या भोकातच ठेवली होती. डबी बिचारी नुसती दिवा लावून बसलेली. त्याने पिन काढून डबीत घातली, दोन्ही कानांचा आवाज माझ्या उजव्या कानात येईल असंही करून दिलं, आणि एक जुनं गाणं लावलं. भिंगरी, मी आवाज वाढवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वाढवायची गरजच नव्हती. अगदी हळू आवाजात सगळं ऐकू येत होतं. गाणारीने कडव्याआधी ओठ ओले केले, तेसुद्धा. मी रडले. स्क्रूला वाटलं डबी आवडली नाही.

का रडले ते त्याला कसं सांगणार? माझ्या लेखी गाणं म्हणजे मोठा आवाज, आणि मोठा आवाज म्हणजे तुझा दादा. ते कपाटाएवढे स्पीकर आठव. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. तो आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा, हिसका बसून बिघडायला नको म्हणून, आणि स्पीकरवर ठेवायचा. मग आवाज वाढवायचा. मग कडी लावायचा. मग मला. पोटात लाथ, केस धरून भिंतीवर डोकं, पालथी पडले की पाठीत टाच. किंचाळले तरी काय उपयोग? माझ्यापेक्षा गाणारा मोठ्याने गात असायचा. कधीकधी तर तो तालावर मारतोय असं वाटायचं. ठेक्याबरोबर लाथ, समेवर थप्पड. तालाचं त्याला फार कौतुक. तुमचे बाबाही असेच, रेडिओ मोठा करून तुझ्या आईला मारायचे, हे तूच मला भांडी घासता घासता सांगितलं होतंस. अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं.

आणि शेजारी! आमच्याबद्दल त्यांचं मत काय होतं, तर दोघं रसिक आहेत. एकदा माझा ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, आणि जिन्यात खालच्या काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, काल तुम्ही तिसरं गाणं लावलं होतं ना, फार गोड होतं, पुन्हा लावा हो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि मग गाण्याचं विचारलं. मी लावते म्हणाले. त्या तिसऱ्या गाण्यात माझी बरगडी मोडली होती.

शेवटच्या दिवशी मीही उलटले, हे तुला ठाऊक आहे. इस्त्री हाताशी होती, ती त्याच्या खांद्यावर घातली. गरम नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. मग त्याने पसरलेल्या पंजाने कानावर दिली, आणि डोक्यात काहीतरी कापड फाटावं तसं फाटलं. वर आणि माझं डोकं धरून स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटत राहिला. जिथे रक्त लागलं तिथे तो दुसऱ्या दिवशी पॉलिश करत बसला होता म्हणे. माझ्या हाताची खाज मात्र अजून गेलेली नाही. भाजी चिरताना मध्येच त्याची मान आठवते आणि सुरी जरा जास्तच जोरात पडते.

आता तुझ्याबद्दल. त्याची नोकरी गेली आणि तो तुझ्या दोन खोल्यांत येऊन राहिला, त्याला दोन महिने झाले. भाऊ आहे, रस्त्यावर कसा टाकू, असं तू म्हणालीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. बहिणीला हात लावणार नाही अशी मी मनाची समजूत घातली. मग तू लांब बाह्या घालायला लागलीस. मग कपाटाचं दार लागलं. मग जिन्यात पाय घसरला. मी समोर विचारलं की तू खळखळून हसतेस आणि माझ्या कानाची चौकशी करतेस.

रविवारी तू आवाजी निरोप पाठवलास. वहिनी, मजेत आहे, दादाने नवे स्पीकर आणलेत, ऐक कसे वाजतात. फोनवर मला नुसतं गाणं आणि तुझी बडबड ऐकू आली. पण गाणं मोठं होतं, भिंगरी. फार मोठं. सोमवारी ऑफिसात तोच निरोप मी डबीतून ऐकला, आणि सवयीने बोटं टाइप करायला लागली. गाणं. तुझा आवाज. गाण्याच्या खाली, लाकडावर काहीतरी ठेवल्याचा टक. मग कडी. मग तुझी घाई, चल, ठेवते हं. आणि निरोप तुटायच्या आधी तू घेतलेला श्वास. तो श्वास मी ओळखते. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या बाईचा श्वास आहे तो, मी वर्षानुवर्षं घेतला आहे. तिथे ‘ऐकू आले नाही’ असं मला लिहिता येणार नाही.

म्हणून हे पत्र. फोन तो तपासतो, आणि तोंडावर तू हसून वेळ मारून नेतेस. कागदापुढे हसून काही होत नाही. इस्त्रीच्या त्या दिवशी मी मेलेच असते. तू बाहेरून कडी उचकटून आत आलीस, एकोणीस वर्षांची, आणि त्याच्या अंगावर न जाता सरळ भिंतीकडे गेलीस आणि स्पीकरची वायर उपटलीस. एकदम शांत झालं. मी ओरडत होते ते सगळ्या इमारतीला ऐकू गेलं, दारं उघडली, आणि त्याचा हात वरच्या वर राहिला. त्याने तुझ्याकडे असं पाहिलं की मी ते विसरलेले नाही, आणि तोही विसरलेला नाही. त्याचीच वसुली चालली आहे तिथे. कोर्टाने मला त्याच्यापासून सोडवलं, तुझ्यापासून नाही. माझ्याकडे तुझ्यासाठी गादी घातली आहे. पोलिसांत जायचं की नाही ते तू ठरव, मी सोबत येईन, पण आज तू त्या घरी जाणार नाहीस. हे पाकीट मी पोस्टात टाकलेलं नाही, तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं आहे, आणि त्यांना सगळं सांगितलं आहे. चीड आली असेल तर ये आणि मला चार शिव्या दे. खिडकीशी जाऊन खाली बघ. औषधाच्या दुकानापाशी मी उभी आहे.

तुझीच,
वहिनी