सात टाक्या आणि एक किटली

मोरिओका, १८ जानेवारी

अहो कानाएचे बाबा,

सप्रेम नमस्कार. इकडे कडाका आहे. सकाळी नळ गोठलेला असतो, भांडी घासायला किटलीतलं पाणी घ्यावं लागतं. तुमच्या बदलीच्या गावी, हिरोशिमात, म्हणे बर्फ पडला तरी दुपारपर्यंत टिकत नाही. सुखी आहात बुवा. मासे ठीक आहेत. आधी तेच लिहिते, कारण तुम्ही आधी तेच शोधणार.

माझी सकाळ फडक्यात जाते. डोळा उघडला की बादली घेऊन खिडक्यांशी. काचेवरून ओघळ चौकटीत, चौकटीतून तातामीच्या चटईत. तुमच्या माशांच्या सात टाक्यांतलं पाणी सव्वीस अंशांवर आणि खोली पाचावर, मग दुसरं काय होणार! माशांना उन्हाळा, आम्हाला दोन-दोन स्वेटर. टाक्यांवर झाकणं घट्ट बसवली. काचांना ते फुग्यांचं प्लास्टिक लावलं. चौकटीत वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबल्या. पाणी आपलं कुठून ना कुठून येतंच. प्लास्टिकच्या मागून येतं, मेलं.

कानाएला मात्र मजा वाटते. न्हाणीजवळच्या खिडकीला प्लास्टिक पुरलं नाही, तिथे मी पुसायच्या आधी जाऊन ती बोटानं तुमचं तोंड काढते. मग नाकडोळे वाहायला लागतात. "आई, बाबांना सर्दी झाली!" म्हणून खिदळते आणि खिदळता खिदळता खोकते. खोकला नवीन वर्षापासून आहे. तुम्ही येणार म्हणून दारात उभी राहिली होती, तेव्हा गारठा लागला असेल.

घरमालकीण निशिदाते आजी काल जिना चढून आल्या. दारातच म्हणाल्या, "मिनेको, हे घर आहे की न्हाणीघर?" नंतर पोरीचा खोकला ऐकून विरघळल्या. "घसा कोरडा पडलाय लेकराचा. रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेव, दिवसभर वाफ येऊ दे. आमची चारही पोरं किटलीवर वाढली." तुमच्या आईही तेच करायच्या, नाही का? ठेवली आहे.

बाजारात तुमच्या कंपनीतल्या कुदोबाई भेटल्या. मुळे घेत होत्या. बरंच बोलल्या. ते नंतर कधीतरी.

तब्येतीला जपा.

तुमचीच,
मिनेको


मोरिओका, २९ जानेवारी

अहो,

नमस्कार-चमत्कार राहू देत, तशीच लिहायला बसले आहे. रागानं की भीतीनं, माझं मलाच कळत नाही.

किटली रात्रंदिवस शेगडीवर होती आणि कानाएचा खोकला वाढतच गेला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तशी तिला पाठीवर बांधून डॉक्टर ओयामादांकडे नेली. त्यांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "घरात ओल आहे?" मी म्हटलं, "नाही हो, कोरडी हवा लागू नये म्हणून किटली ठेवते ना!" मग सगळं सांगितलं. टाक्या किती, कुठे, पाणी किती गरम. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, सात टाक्या आणि वर किटली? तुम्ही घरात पाऊस पाडताय! गाद्या कुठे ठेवता?"

घरी येऊन गाद्यांचं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत काळी, वरपासून खालपर्यंत. आणि त्या भिंतीला उशी टेकवून पोर रोज झोपत होती. तिची गादी उलटली तर खालूनही काळी. मी तिथेच फतकल मारून रडले. मग उठून घासायला लागले, कारण दुसरं करणार काय? किटली फेकून द्यावी असं वाटलं, पण पाणी तापवायला ती एकच आहे.

आजींनाही भिंत दाखवली. लपवून काय उपयोग? त्यांनी बोटानं काळं खरवडून पाहिलं. मग म्हणाल्या, "किटलीचं मी सांगितलं, ते माझं चुकलं. पण टाक्या काही माझ्या नाहीत. महिन्याभरात टाक्या तरी जातील, नाहीतर तुम्ही." भांडले नाही. काय तोंडानं भांडू?

डॉक्टरांचं म्हणणं, पोरीला कोरड्या उबदार खोलीत झोपवा, नाहीतर हा दमा होऊन जन्माचा चिकटेल. सध्या आम्ही दोघी स्वयंपाकघरात झोपतो. तिथे ओल नाही, पण ऊबही नाही. ऊब सगळी तुमच्या एंजल माशांना.

तर सांगा, मी काय करू? तुमचे मासे आहेत, तुम्हाला न विचारता हात लावणार नाही. एवढंच विचारते आहे. कंपनीच्या वसतिगृहाच्या जिन्यातल्या फोनवर तुम्ही मोकळं बोलत नाही, म्हणून लिहिलं. लगेच उत्तर पाठवा. खरं तर स्वतःच या.

तुमचीच,
मिनेको


मोरिओका, ११ फेब्रुवारी

कानाएचे बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "झाकणं फार आवळू नकोस, त्यांना हवा लागते. पाणी एकदम बदलू नकोस. दोन मोठ्या एंजलची जोडी जमली आहे, अंडी घालतील, लक्ष ठेव. काम खूप आहे." सगळं कार्ड वाचलं, उलटं करून पत्त्याची बाजूसुद्धा वाचली. पोरीचं नाव कुठेच नाही.

मग मीच ठरवलं.

डॉक्टर ओयामादांच्या दवाखान्यात बसायची खोली मोठी आहे, नळ्यांतून गरम पाणी फिरतं, दारं सारखी उघडझाप होतात म्हणून ओल साचत नाही. त्यांना विचारलं, "मासे घेता का? रडणारी पोरं गप्प बसतील." ते हसून हो म्हणाले आणि एक मोठी टाकी आणवली. निशिदाते आजींचा भाचा टेम्पो घेऊन आला. मासे जाड पिशव्यांत, पिशव्या पांघरुणात, आणि पांघरुणाला मिठी मारून मी बसले, रस्ताभर जीव मुठीत धरून. एकही दगावला नाही. तुमची जोडी तिथे अंडी घालेल, हवं तर डॉक्टर कळवतील.

आता कुदोबाईंचं. तुमच्याबरोबर बदली होऊन गेलेले दोघेही ऑक्टोबरातच परत आले म्हणे. तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही अर्ज करून तिथेच राहिलात. "तुम्हाला माहीत असेलच की," असं त्या म्हणाल्या आणि मी "हो हो, माहीत आहे ना," म्हणत मुळे निवडत राहिले. तेव्हापासून मला चैन नाही. खिडकी पुसते, परत पुसते, कोरडी झाली तरी पुसते. मला वाटायचं, मासे इथे आहेत तोवर तुमचं घर इथे आहे, मासे जगले की तुम्ही येणार. म्हणून इतके दिवस त्यांना जपलं. पोरीआधी त्यांना जपलं हो मी! हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

तिथे कोण आहे, काय आहे, मी विचारणार नाही. विचारायचं असतं तर मुळे तिथेच टाकून गाडीत बसले असते.

आज सकाळी सगळ्या काचा कोरड्या होत्या. इवाते डोंगर पायथ्यापर्यंत दिसला. कानाए रात्रभर एकदाही खोकली नाही. उठल्या उठल्या न्हाणीजवळच्या खिडकीशी गेली आणि बोट वर करून तशीच उभी राहिली. "आई, आता बाबांना कुठे काढू?"

मी तिला कागद दिला, रंगखडू दिले. खूप वेळ बसली. गोल काढला, कान काढले, मग खडू खाली ठेवला. म्हणाली, "काचेवर कसंही चालायचं, वाहूनच जायचं ना. कागदावर नीट काढावं लागतं. मला नीट आठवत नाही."

तो कागद सोबत पाठवते आहे. मधली जागा रिकामी आहे. ती तुम्ही इथे येऊन भरा, नाहीतर येणार नाही असं त्याच कागदावर लिहून परत पाठवा. मी तिला समजावेन.

तुमच्या रिकाम्या टाक्या जिन्याखाली पालथ्या घातल्या आहेत.

कानाएची आई